काही निघालं नाही

प्रयोगशाळेत तिला थेंबताई म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण ते दोन्ही बाजूंनी बसत होतं. एक तर तिचं सगळं काम थेंबात चाले, तेही डोळ्याला धड न दिसणाऱ्या थेंबात. आणि दुसरं, ती बोलायचीही थेंबाथेंबानेच. चार शब्दांत भागत असेल तर पाचवा ती कुणाला देत नसे. एकवीस वर्षं ती त्या टेबलाशी बसत होती आणि एवढ्या वर्षांत तिच्या हातून नमुना वाया गेल्याची नोंद वहीत एकदाही झाली नव्हती. हे ती स्वतः कधी सांगायची नाही. पण दुसऱ्या कुणी सांगितलं तर त्याला थांबवायचीही नाही.

काम असं. कॅन्सरच्या रुग्णाची गाठ शरीरात एका जागी ठाण मांडून बसलेली असली, तरी तिच्यातल्या काही पेशी सुटून रक्तात फिरायला लागतात. दोन चमचे रक्त घेतलं तर त्यात इतर पेशी अब्जांनी आणि या भटक्या पाच-दहा, कधी एखादीच. त्यांनाच चिकटतील असे चुंबकाचे अतिबारीक मणी रक्तात सोडायचे, बाहेरून चुंबक लावायचा, मण्यांबरोबर त्या पेशी नळीच्या भिंतीला येऊन थांबल्या की बाकीचं रक्त ओतून द्यायचं. मग पेशी फोडायच्या आणि आतला आरएनए काढायचा. पेशीतला डीएनए म्हणजे कपाटातली जाडजूड फाइल. आरएनए म्हणजे त्या फाइलीतून आजच्या कामापुरत्या उतरवून घेतलेल्या चिठ्ठ्या. गाठीचं सध्या काय चाललं आहे, कुठल्या औषधाला ती भीक घालणार नाही, हे त्या चिठ्ठ्यांवरून कळतं. चिठ्ठ्या मात्र विलक्षण नाजूक. त्यांचा फडशा पाडणारं एक द्रव्य प्रत्येक माणसाच्या कातडीवर, घामात, थुंकीत असतंच. म्हणून हातमोजे, म्हणून मास्क, आणि शक्यतो तोंड बंद. तोंड बंद ठेवायला थेंबताईला वेगळे कष्ट पडत नसत.

शेजारच्या टेबलावरचा तंत्रज्ञ मात्र काम करताना मास्कच्या आत गुणगुणायचा. त्याला सगळे गवई म्हणत. गवयाचे निकाल चांगले येतात हे थेंबताईला मान्य होतं, पण मनापासून नव्हे.

तर त्या गुरुवारी सकाळी साडेदहाला तळमजल्यावरून रक्ताचा डबा वर आला. आत चार नळ्या. नळीवर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. पण त्यातला एक क्रमांक थेंबताईला पाठ होता. तो तिच्या सासऱ्यांचा होता.

सासरे उभा जन्म शिवणकाम केलेले. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या प्रोस्टेटमध्ये गाठ निघाली, उपचार झाले, तब्येत मार्गी लागली, आणि आता रक्ततपासणीतले आकडे पुन्हा चढायला लागले होते. डॉक्टरांपुढे दोन वाटा होत्या. एक नव्या गोळ्यांची, सोपी. दुसरी सलाईनमधून औषध देण्याची, त्रासाची. चिठ्ठ्यांमध्ये एक विशिष्ट खूण असली तर गोळ्यांचा काडीचा उपयोग होत नाही, सलाईनच द्यावं लागतं. खूण नसली तर गोळ्यांवर भागतं. पुढच्या शुक्रवारी डॉक्टर ठरवणार होते, आणि ते या नळीवरून ठरवणार होते.

नियम साधा होता. नात्यातल्या माणसाचा नमुना आला की प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना सांगायचं आणि तो शेजारच्या टेबलावर द्यायचा. थेंबताईने सांगितलं नाही. आपल्याइतकं जपून दुसरं कोण करणार, असा तिचा हिशेब, आणि गवयाचा मास्क तर तालात हलताना समोर दिसतच होता.

बारापर्यंत तिने सात पेशी धरल्या. सात हा प्रयोगशाळेच्या दृष्टीने झकास आकडा. कधीकधी दोन पेशींवर काम भागवावं लागतं. पण सून म्हणून तिला सात नको होत्या. तिने पेशी फोडल्या आणि इवल्याशा नळीत बर्फावर ठेवल्या. तेव्हा तिला दिसलं की गारठ्याने नळीवरच्या लेबलचा कोपरा सुटला आहे.

दुसऱ्या कुणाची नळी असती तर तिने तो कोपरा तसाच राहू दिला असता, किंवा चिमट्याने दाबला असता. ही सासऱ्यांची होती. क्रमांक पडला, नळ्यांची अदलाबदल झाली, म्हणजे? हातमोज्याला लेबल चिकटून वर येत होतं. म्हणून तिने उजव्या हाताचा मोजा काढला आणि अंगठ्याने कोपरा नीट दाबून बसवला, शाळेत निघालेल्या मुलाची कॉलर बसवावी तसा. त्याच वेळी गवयाने विचारलं, "चुंबक मोकळा आहे का?" तिने डाव्या हाताने चुंबक पुढे केला, परत वळली आणि उजव्या हाताने नळीचं टोपण उघडलं. अंगठा टोपणाच्या आतल्या कडेला टेकला. टेकल्यावर तिला दिसलं की तो उघडा आहे.

एवढंच झालं. काही सांडलं नाही, फुटलं नाही, कुणाच्या लक्षातही आलं नाही. अशा वेळी हात थांबवायचा, वहीत लिहायचं आणि मॅडमना हाक मारायची, हे तिनेच आजवर दहा-बारा नव्या लोकांना शिकवलं होतं. तिने मोजा चढवला आणि काम पुढे चालू केलं. वाचलंही असेल, असं तिने स्वतःला बजावलं. एकवीस वर्षं दुसऱ्यांचे असले बहाणे ऐकून तिने नाक मुरडलं होतं.

शुक्रवारी दुपारी यंत्रातून निकाल आला. प्रत्येक नमुन्यात ती खूण बघायच्या आधी एक साधी चिठ्ठी बघतात. ती कुठल्याही जिवंत पेशीत असतेच असते. पेशीची हजेरीच म्हणा. बाकी तिन्ही नमुन्यांत हजेरी लागली होती. सासऱ्यांच्या सात पेशींपुढे पडद्यावर आडवी, सपाट रेघ. म्हणजे खूण नव्हती असं नाही. वाचायला कागदच शिल्लक नव्हता.

"निघालं का?" गवयाने विचारलं. हा प्रश्न त्या खोलीत दिवसातून वीस वेळा विचारला जाई. निघालं म्हणजे आरएनए हाती लागला, काम फत्ते. नाही निघालं म्हणजे पंचाईत.

"एकाचं काही निघालं नाही," ती म्हणाली.

"तुमचं?" गवई गुणगुणायचा थांबला. त्याने पुढे काही विचारलं नाही, हे त्याच्याच भल्याचं झालं. तिने अर्जावर लिहिलं: नमुना अयोग्य, पुन्हा रक्त पाठवावे. कारणाचा रकाना तिने कोरा ठेवला.

त्या संध्याकाळी घरी सगळे जेवायला बसले होते. थेंबताईचा नवरा कामासाठी महिनाभर परगावी होता. टेबलाभोवती सासू-सासरे, थोरले दीर, जाऊ आणि अकरा वर्षांची पुतणी. जाऊबाईंचा स्वभाव थेंबताईच्या बरोबर उलटा. त्यांना एक शब्द पुरत असला तरी त्या दहा वापरत, आणि उरलेले फोनवर संपवत. थेंबताईने दोन घास घेतले असतील नसतील, जाऊबाईंनी विचारलं, "काय गं, बाबांच्या रक्ताचं काय झालं?"

थेंबताईने ताटातून मान वर केली नाही. "काही निघालं नाही," ती म्हणाली, आणि घास तसाच टाकून उठली. खोलीत जाऊन तिने दार लोटून घेतलं.

आता, हे तीन शब्दांचं वाक्य प्रयोगशाळेत म्हटलं तर त्याचा अर्थ काम फसलं. पण प्रयोगशाळेच्या बाहेर अख्ख्या जगात, कुठल्याही घरात, कुठल्याही जेवणाच्या टेबलावर, रक्ताच्या तपासणीत काही निघालं नाही याचा एकच अर्थ होतो. एकवीस वर्षं त्या खोलीत घालवल्यामुळे थेंबताईच्या ध्यानातही आलं नाही की या वाक्याला दुसरी बाजू आहे.

टेबलाशी सगळ्यांनी तोच अर्थ घेतला. मग सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला, थोरल्या दिरांनी वडिलांच्या पाठीवर हात ठेवला, आणि जाऊबाई म्हणाल्या, "बघा, किती भरून आलंय तिला! जेवणसुद्धा गेलं नाही. एरवी दगडासारखी असते."

शनिवारी ती घरी आली तेव्हा टेबलावर केक होता. पुतणीने त्यावर वेड्यावाकड्या अक्षरांत "थँक यू काकू" लिहिलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "तू स्वतः केलंस म्हणून आम्ही निर्धास्त." थेंबताईला वाटलं, आपण नमुना वाया घालवला आणि ही माणसं आपली समजूत काढतायत. केवढ्या मोठ्या मनाची माणसं! इतकी वर्षं आपण यांना ओळखलंच नाही. तिला इतकं लाजल्यासारखं झालं की तिने केकचा तुकडा बाजूला सरकवला. सगळ्यांनी तो आग्रह करकरून भरवला.

सासरे तर ओळखू येत नव्हते. सकाळी शीळ घालत दाढी करायचे. वर्षभर आच्छादन घालून ठेवलेलं शिलाई मशीन त्यांनी पुसून काढलं आणि नातीच्या फ्रॉकची बाही दुरुस्त केली. थेंबताई हे बघत होती आणि मनाशी म्हणत होती, माणूस खंबीर आहे. पुन्हा रक्त द्यायचंय, तरी चेहऱ्यावर बघा.

मंगळवारी संध्याकाळी ती आली तर दिवाणखान्यात दोन सुटकेसा उघड्या पडलेल्या. सासूबाई स्वेटरच्या घड्या घालत होत्या.

"कुठे निघालात?"

"अगं, तुला सांगितलंच नाही का कुणी? नणंदेकडे तुझ्या. परवा दुपारची गाडी. महिनाभर राहणार आम्ही. केव्हापासून बोलावतेय बिचारी, पण या दुखण्यापायी घोडं अडलं होतं."

"परवा? आणि शुक्रवारी डॉक्टर?"

"ते मी कालच रद्द केलं," जाऊबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "त्यांच्या फोनवर बटणं दाबली की होतं. आता पुढची तारीख सहा आठवड्यांनी. घाई काय आहे? हॉस्पिटलच्या नर्सचाही फोन येऊन गेला. ती म्हणते, काही निघालं नाही, म्हणून पुन्हा... म्हटलं, कळलं हो आम्हाला, आमची धाकटी जाऊच आहे तिथे, फार फार आभार! आणि ठेवला. मग बसले एकेकाला कळवत. मामा, मावशी, दोन्ही आत्या. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला."

थेंबताई उभ्याउभ्या भिंतीला टेकली. केक, शीळ, मशीन, सगळं तिच्यासमोर उलगडत गेलं. यांनी समजूत काढलीच नव्हती. यांना वाटलं होतं, सासरे बरे झाले.

त्याच वेळी तिने सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण सासरे आतून आले, हातात मोजपट्टी, आणि सासूबाईंना म्हणाले, "समुद्रावर जाऊ रोज सकाळी. गुडघाभर पाण्यात उभा राहीन म्हणतो." हे ऐकून ती न बोलता खोलीत गेली. थोडा भित्रेपणा, थोडी माया. दोन्ही सारख्याच प्रमाणात असावीत. गुरुवारी दुपारी दोनला गाडी सुटली की सहा आठवडे कुठलंही औषध नाही, आणि सात पेशी सांगत होत्या की गाठ सहा आठवडे स्वस्थ बसणार नाही. हे त्या घरात तिच्या एकटीलाच माहीत होतं.

बुधवारी ती लवकर घरी आली. चहाच्या वेळी सगळे होते. ती बसली नाही. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"बाबा, मी शुक्रवारी जे बोलले त्याचा अर्थ तुम्ही सगळ्यांनी चुकीचा घेतलात. चूक माझी आहे. रक्तात काही निघालं नाही म्हणजे दुखणं नाही असं नव्हे. मला तपासणी करताच आली नाही. नमुना वाया गेला. गाठीच्या पेशी रक्तात आहेत. सात मी स्वतः मोजल्या."

मग सगळे एकदम बोलायला लागले. थोरले दीर म्हणाले, हे कसं शक्य आहे. सासूबाई "म्हणजे?" एवढंच तीनदा म्हणाल्या. जाऊबाईंचा पारा चढला.

"मग सरळ चार शब्द जास्त बोलली असतीस तर जीभ झिजली असती का? अख्ख्या गोतावळ्याला फोन केले मी! आता परत कुणाकुणाला काय सांगू?" आणि एवढं बोलून त्या ढसाढसा रडायला लागल्या, कारण प्रश्न फोनचा नव्हताच.

सासऱ्यांनी जाऊबाईंपुढे पाण्याचा पेला सरकवला. मग त्यांनी शिंप्याने विचारावं तसंच विचारलं, "उरलंय का थोडं?"

"नाही. सगळं वापरलं गेलं. नवीन रक्त लागेल."

"वाया कशाने गेलं?"

हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं. कुणाला कधी कळलं नसतं. "माझा उघडा अंगठा आत लागला," ती म्हणाली. "मोजा काढायला नको होता. खरं म्हणजे तुमचं काम मी घ्यायलाच नको होतं, नियम नाही तसा. मला वाटलं, माझ्याइतकं जपून कुणी करणार नाही."

सासऱ्यांनी मान हलवली. मग ते उठले, सुटकेस बंद केली आणि झाकणावर हात ठेवून म्हणाले, "मी उद्या जाणार. रक्तबिक्त आता पुरे. पाच दिवस बरा होतो मी. आणखी महिनाभर बरा राहतो. कुणाचं काय बिघडतं?"

"अहो, असं काय बोलता," सासूबाई म्हणाल्या.

"मग कसं बोलू? एकदा सांगतात आहे, मग सांगतात नाही, मग सांगतात आहेच. मी माणूस आहे की पायजम्याची नाडी? ओढली, सोडली, ओढली."

एरवी कुणाला हसू आवरलं नसतं, पण आत्ता हसण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. आणि मग थेंबताई बोलायला लागली. तिच्या लग्नाला अठरा वर्षं झाली होती. त्या घराने तिला एका दमात इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. उद्या सकाळी रक्त दिलं तर परवा दुपारी उत्तर येईल, ती म्हणाली. खूण नसेल तर गोळी घेऊन तुम्ही पुढच्याच आठवड्यात समुद्रावर जा, मी स्वतः गाडीत बसवून देईन. खूण असेल तर सलाईन लगेच सुरू करता येईल. न बघता गोळी घेतली आणि ती लागू पडणारी नसली तर तीन महिने फुकट जातील. काहीच घेतलं नाही तर गाठ तिचं काम करत राहील, तिला कुणाच्या आनंदाशी देणंघेणं नाही. तुम्ही माझ्यावर रागवा, बोलू नका, काय वाटेल ते करा, पण रागापायी स्वतःचं नुकसान करू नका. तिचा आवाज फाटला होता आणि तिला ते कळत होतं.

सासरे सुटकेसवर बसले.

"देईन," ते म्हणाले. "पण काम तू करायचं नाहीस. तुझ्या त्या शेजारच्याला दे."

तिला ते कानाखाली मारल्यासारखं लागलं, पण ती म्हणाली, "बरोबर आहे. माझ्या हातांवर आता..."

"हातांचं कोण बोलतंय? माझ्या हातून काय कमी कापडं वाया गेली?" सासरे चिडून म्हणाले. "तीन वर्षं त्या इमारतीत रक्त द्यायला येतोय. थोरली सून गाडी लावायला जागा शोधत फिरते. मी त्या खुर्चीत एकटा. मला सुईची भीती वाटते, म्हाताऱ्या माणसाने सांगायचं कुणाला? आणि माझी सून त्याच इमारतीत, दोन मजले वर, माझ्यासाठी काहीतरी फार मोठं काम करतेय म्हणून सगळे सांगतात. ते काम दुसरं कुणीही करेल. तू खाली ये."

थेंबताईने तीन वर्षांत एकदाही तसा विचार केला नव्हता, ही गोष्ट तिला अंगठ्यापेक्षा जास्त लागली.

गुरुवारी सकाळी आठला थोरल्या दिरांनी तिकिटं रद्द केली. जाऊबाईंनी डॉक्टरांची शुक्रवारची वेळ परत मिळवली; बटणं दाबून ते जमेना तेव्हा त्यांनी तासभर बोलून बोलून समोरच्या बाईला जेरीस आणलं. त्यांच्या बोलण्याचा उपयोग होतो हे थेंबताईने त्या दिवशी पहिल्यांदा मोकळेपणाने कबूल केलं. मग ती मॅडमच्या खोलीत गेली आणि सगळं सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं, नोंदवही पुढे सरकवली आणि पेन दिलं. थेंबताईने कोऱ्या रकान्यात लिहिलं: उघड्या हाताचा स्पर्श, नात्यातला नमुना, पूर्वसूचना दिली नाही. खाली सही केली. एकवीस वर्षांचा टेंभा एका ओळीत खाली आला.

"आज रजा घ्या," मॅडम म्हणाल्या. त्या रागावल्या होत्या की नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच कळायचं नाही.

गवयाला तिने काही सूचना द्यायला सुरुवात केली, बर्फ जास्त ठेव, चुंबक दोनदा लाव. तो नुसता "हो ताई, हो ताई" म्हणत राहिला, तेव्हा ती गप्प बसली.

निकालाचं सांगून टाकायचं तर तो शुक्रवारी वेळेवर आला. हजेरी लागली होती आणि खूणही होती. गोळ्या बाद झाल्या, पुढच्या मंगळवारी सलाईन सुरू झालं, समुद्र लांबला. पण हे सगळं नंतरचं. गुरुवारी दहा वाजता हे कुणालाच माहीत नव्हतं.

तळमजल्यावरची रक्त घ्यायची खोली लहानशी होती. एक रुंद हातांची खुर्ची, एक स्टूल, खिडकीला अर्धा पडदा. थेंबताई एकवीस वर्षं त्या दारावरून जात होती. आत ती कधी बसली नव्हती. सासरे खुर्चीत बसले, बाही वर केली आणि तोंड फिरवून तिच्याकडे बघत राहिले. नर्सने पट्टा आवळला तसा त्यांनी मोकळ्या हाताने तिचा हात धरला. त्यांच्या तळव्याला घाम आला होता. एवढ्या मोठ्या माणसाचा, आयुष्यभर सुया चालवलेल्या माणसाचा तळवा असा ओला असेल, असं तिला वाटलं नव्हतं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही. आता लागेल थोडं."

लागलं. त्यांनी डोळे मिटले. नळी भरली, नर्सने ती दोन-चारदा उलटीपालटी केली आणि डब्यात ठेवली. डबा दाराबाहेर निघाला तशी थेंबताई सवयीने अर्धी उठली.

"बस," सासरे म्हणाले.

ती बसली. नर्सने कापूस लावून दिला, तो तिने एका हाताने त्यांच्या कोपराच्या खळगीत दाबून धरला. दुसरा हात त्यांनी सोडला नव्हता.

"आता वर काय करतील त्याचं?" त्यांनी विचारलं. हेही तीन वर्षांत पहिल्यांदाच. किंवा विचारलं असेल आणि तिने दोन शब्दांत उत्तर दिलं असेल.

मग तिने सांगायला सुरुवात केली. मण्यांबद्दल सांगितलं, चुंबकाबद्दल, एवढ्या गर्दीतून पाच-सात जणी कशा वेगळ्या काढतात त्याबद्दल. गवई आत्ता काय करत असेल ते सांगितलं, मिनिटामिनिटाचं. ती चिठ्ठ्यांपर्यंत आली तेव्हा सासऱ्यांची मान हळूहळू कलली आणि तिच्या खांद्यावर टेकली. रात्रभर त्यांना झोप लागली नसणार. ती तरीही थोडा वेळ बोलत राहिली, मग थांबली. तिला रडू आलं. ते पुसायला तिचा एकही हात मोकळा नव्हता.

नर्सने तिच्या मांडीवर एक कागदी रुमाल ठेवला आणि पुढच्या माणसाला शेजारच्या खोलीत यायला सांगितलं.